मागच्या दारची वाट

“या वाळूवर आता मांजरसुद्धा चालता कामा नये,” मिस्त्री कंबर धरून उठत म्हणाला. “काकू, तुम्हीही नाही. वाळू दबली की ब्लॉक बसतो खाली, आणि लोक नावं ठेवतात मला.”

मागच्या दारापासून फाटकापर्यंत वाळूचा थर पसरला होता. लांब पट्टी ओढून मिस्त्रीनं तो दुधावरच्या सायीसारखा सपाट केला होता. किनारीचे ब्लॉक कमी पडत होते. ते आणायला तो टेम्पो घेऊन गेला. काका केव्हाच फिरायला बाहेर पडले होते.

काकूंनी घाईघाईनं फोन हातात घेतला. आज लेकीचा यायचा दिवस होता.

त्यांनी पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. लेक फोन बाबागाडीच्या खालच्या पिशवीत टाकते आणि विसरते, हे त्यांना माहीत होतं.

घर सोडताना लेक पाहुण्यांसमोर म्हणाली होती, “तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.” काकांनी तेव्हा आवाजही चढवला नव्हता. एवढंच म्हणाले होते, “हिचं पाऊल पुन्हा या घरात पडलं, तर मी घरातून निघालो.” आणि काका शब्दाचे पक्के. गटारावरून शेजाऱ्याशी अबोला धरला, तो शेजारी वारला तरी सोडला नाही. छातीचं दुखणं घेऊन हा माणूस खरंच निघाला, तर जाणार कुठं? काकूंना भीती होती ती याची.

म्हणून लेक मागच्या दारानं यायची, काका फिरायला गेले की. तिला बाळ झालं, हेसुद्धा काकूंनी घरात बोलून दाखवलं नव्हतं. परत येताना काका कोपऱ्यावरच असे खोकायचे की सगळ्या गल्लीला कळावं. पूर्वी काकू त्यावरून कटकट करायच्या. आता त्या खोकल्याला दुवा द्यायच्या. तेवढ्यात कप विसळून व्हायचे.

आणि मध्येच काकांनी अंगणाचं काम काढलं. गळका नळ वर्षभर गळू देणारा माणूस, पण यावेळी स्वतः जाऊन ब्लॉक निवडून आला. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं, “ही पायरी फोडा, उतार करा. माझे गुडघे गेलेत.” मग फाटकाशी जाऊन म्हणाले, “ही कडीही काढून टाका. फार कर्कश वाजते.”

कडी गेली, आता तिथं कुलूप येणार, हे काकूंनी मनाशी धरलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“आई.”

काकू दचकून वळल्या. लेक स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. गाडीत बाळ झोपलेलं. फाटकाचा आवाजच झाला नव्हता.

“तुझा चेहरा का असा?”

काकूंनी तिच्या पाठीमागे बोट दाखवलं. वाळूवर चाकांच्या दोन रेघा फाटकापासून दारापर्यंत आल्या होत्या आणि मध्ये चपलांचे ठसे.

“मग बघू देत ना,” लेक म्हणाली. “एकदाचं होऊन जाऊ दे.”

“तुझं होऊन जाईल गं. ते बॅग भरतील त्याचं काय? जा आधी. आणि त्याच चाकोरीतून जा, नव्या रेघा नकोत.”

“नातवाला हात तरी लाव.”

काकूंनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि गाडी वळवून दिली.

लेक गेली तशी त्यांनी मिस्त्रीची पट्टी उचलली. दारात ओणव्या होऊन, हात पोचेल तिथपर्यंत वाळू ओढली. मिस्त्रीच्या हातात सरसर फिरणारी पट्टी त्यांच्या हातात अडखळत होती. रेघा बुजल्या, पण वाळूला लाटा आल्या. फाटकाकडचा भाग तसाच राहिला.

कोपऱ्यावर खोकला ऐकू आला.

काका घरातून थेट मागच्या दारात आले. त्यांची नजर वाळूवरच्या लाटांवर गेली.

“इथं कोण चाललं?”

“मीच. कपडे काढायला गेले होते.”

“कपडे तर दोरीवरच आहेत.”

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. ब्लॉक खांद्यावर घेऊन मिस्त्री फाटकातून डोकावला आणि तिथंच थबकला.

“काकू, काय सांगून गेलो होतो मी?”

“मांजर आलं असेल,” काकू पुटपुटल्या.

“मांजर?” मिस्त्रीनं ब्लॉक खाली ठेवला आणि उकिडवा बसला. “या दोन रेघा बघा. सरळ, शेजारी शेजारी. तुमचं मांजर काय गाडीवरून आलं होतं?”

काकूंनी दाराची चौकट धरली. काका खाली वाकले, त्या दोन रेघांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभे राहिले. बायकोकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“मिस्त्री, पट्टी पुन्हा ओढा,” ते म्हणाले. “आणि ब्लॉकमधले सांधे जरा बारीक ठेवा. चाक अडकलं की पोर जागं होतं.”