हाताचा गुण

"मावशी, हसा ना जरा," संदेश चौथ्यांदा म्हणाला.

शालनबाई हसल्या. म्हणजे ओठ दोन्हीकडे ओढले त्यांनी. संदेशने बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला. कोपरीतल्या त्याच्या एवढ्याशा स्टुडिओत वीस वर्षांत कितीतरी माणसं त्या स्टुलावर बसून गेलेली, पण असं घाबरलेलं तोंड त्याने बघितलं नव्हतं. त्यात बाईंनी पावडर थापलेली ती वेगळीच.

"अहो, काम माझ्या हातांचं," शालनबाई वैतागल्या. "तोंडाचा फोटो कशाला? हातांचा काढा नि मोकळे व्हा."

त्यांचंही चुकत नव्हतं. पस्तीस वर्षं त्या घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची मालीश करत होत्या, बाळांना आंघोळ घालत होत्या. अख्खं घर डोक्यावर घेणारं पोर त्यांच्या पायांवर आलं, की दोन मिनिटांत गप. बायका तोंडात बोट घालायच्या. शालनच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या कोपरीत नाव झालेलं. शालनबाईंनाही ते मनापासून पटलेलं.

पण आता कामं मिळतात ती बाळकुमच्या टॉवरमध्ये, तिथे गुण कोण विचारतो? तिथे आधी फोटो मागतात. एजन्सीच्या बायका टापटीप फोटो पाठवतात आणि कामं घेऊन जातात. शालनबाईंचे हात तीन महिने रिकामे होते. मुलगा म्हणाला, "बास झालं आता, आई. बस घरी." घरी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात ऋतिका नावाच्या एका बाळंतिणीची विचारणा आली. फोटो पाठवा म्हणाली. सुनेने, दीप्तीने, आधारकार्डावरचाच पाठवून दिला. त्यात शालनबाई कुठून तरी धरून आणल्यासारख्या दिसत होत्या. लगेच उत्तर आलं, "माझी मुलगी बारा दिवसांची आहे. अशी कुणाच्याही हातात कशी देऊ? राहू दे."

शालनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दीप्तीने ऋतिकाला फोन करून एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि सासूला दंडाला धरून स्टुडिओत आणलं. हे काम गेलं, तर त्या पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत, हे तिला कळत होतं.

"मावशी, एक सांगा," संदेश डोकं खाजवत म्हणाला. "काम करताना बाळ कुठे असतं?"

"घ्या! एवढंही माहीत नाही?" शालनबाई तरातरा उठल्या, जमिनीवर बसल्या, साडी सावरून पाय लांब केले. "हे असं. बाळ पायांवर. डोकं इकडे, माझ्या पावलांशी. तोंड माझ्याकडे."

संदेशने मान डोलावली. मग तो सुटलेलं पोट सांभाळत खाली बसला आणि त्यांच्या पावलांशी डोकं टेकून चक्क फरशीवर उताणा झाला.

"अगं बाई! हे काय करताय?"

"मी बारा दिवसांचा आहे मावशी," तो कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाला. "घाला आंघोळ."

दीप्ती खो खो हसली. शालनबाईही हसल्या, चांगल्या मोकळ्या हसल्या. पण पाय पसरलेले, समोर कुणीतरी आडवं. पस्तीस वर्षांची सवय ती, जाते कुठे? त्या आपोआप पुढे वाकल्या. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून करतात तसा हाताचा आडोसा झाला. आवाज मऊ झाला.

"कोण गं तू? कोण आलंय आमच्याकडे? एवढ्या लांबून एकटीच आलीस होय?"

कॅमेरा खटखट वाजत राहिला. मग थांबला. संदेश काही उठेना.

"काय झालं हो दादा? पाठीत भरलं का?" दीप्तीने विचारलं.

त्याने पडल्यापडल्याच कॅमेरा वर धरला. दीप्तीने बघितलं आणि बघतच राहिली.

अकरा वर्षं ती या बाईबरोबर एका घरात राहत होती. तिच्या दोन्ही पोरांना याच बाईने न्हाऊ घातलेलं. दीप्ती मागे टॉवेल घेऊन उभी असायची. तिथून दिसायची वाकलेली पाठ, अंबाडा आणि हलणारी कोपरं. बाथरूममध्ये कुणीही उभं राहिलं तरी तेवढंच दिसतं. हा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता. काय माया होती त्यात! आणि मायेपेक्षाही जास्त नवल. इतकी बाळं हाताखालून गेली, तरी पुढच्या बाळाला बघून वाटणारं नवल थोडंसुद्धा झिजलेलं नव्हतं.

दीप्तीने तो फोटो तिथूनच ऋतिकाला पाठवला. पाच मिनिटांत फोन वाजला. "उद्या नऊ वाजता या म्हणावं," ऋतिका म्हणाली. "आणि मावशींनाच पाठवा हं. दुसरं कुणी नको."

शालनबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या अजून फरशीवरच, पाय पसरून, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होत्या.

"ही मी?" त्या हळूच म्हणाल्या. "अशी मी कधी दिसले गं कुणाला?"

दीप्ती त्यांच्या शेजारी खाली बसली. सासूचे तेलाने मऊ झालेले हात तिने आपल्या हातांत घेतले.

"फक्त पोरांना दिसलात, आई. उगाच गप होत होती का ती? गुण या हातांत नव्हताच."