दोन उन्हाळ्यांची खडी

"हे बैल इथे कशाला उभे केलेत?" बसच्या खिडकीतून मान बाहेर काढून एसटीच्या साहेबांनी विचारलं.

भुजंगची छाती दोन बोटं वर आली. ओढ्यावरच्या नव्या पुलाशी, सडकेच्या कडेला, त्याची लाल कंधारी जोडी जुंपून उभी होती. जोखडाला मनगटाएवढा जाड दोर बांधलेला. "गाडी फसली तर असू द्यावं म्हनून, साहेब," तो म्हणाला. "तुमी निर्धास्त या. माझ्या बैलांनी ट्रॅक्टर काढलेत गाळातून."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे गाडी फसते इथे," ते म्हणाले. "जिथे बैल तयार ठेवावे लागतात, तिथे मी बस सुरू करणार नाही. ड्रायव्हर, गाडी वळवा."

भुजंगच्या तोंडचं पाणी पळालं. पुलापलीकडे अख्खं गाव हार-नारळ घेऊन ताटकळत होतं. मोठ्या सडकेवरच्या झरीपासून दोन कोस आत, काळ्या रानात रुतून बसलेलं हे गाव. पावसाळ्यात इथून बैलगाडीसुद्धा निघायची नाही. वांगी आणि मिरच्या अशा लागायच्या की बघत राहावं, आणि आखाड आला की त्या बांधावरच सडायच्या. सरपंच आबासाहेबांनी बससाठी तीन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवले होते. उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले दिसतात, मी भादव्यात येऊन बघेन, असं साहेबांनीच सांगितलं होतं. त्याप्रमाणे शहाऐंशीच्या भादव्यात, चार दिवसांच्या झडीनंतर, ते पाहणीला आले होते. आणि भुजंगच्या पाहुणचारानं सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली होती.

खरं तर त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, सकाळीच त्याला अडवलं होतं. ही सडक रोजगार हमीची. दोन उन्हाळे तिनं या सडकेवर खडी फोडली होती, हाताची सालटं निघेपर्यंत. "बैल नेऊ नका," ती म्हणाली होती. "लोकाला वाटंल, आपलाच भरोसा न्हाई."

"चार दगडं फोडले तर इंजिनेर झालीस व्हय?" भुजंग हसला होता. "काळं रान हाय हे. तुझी खडी गिळंल अन् ढेकर बी देनार न्हाई."

गावात कुणाचं काही फसलं की लोक आधी भुजंगला हाक मारायचे. पंधरा वर्षांत त्यानं चहाखेरीज कुणाकडून काही घेतलं नव्हतं. आपल्या नावाला जे वजन आहे ते या दोरामुळेच, असं त्याला मनोमन वाटायचं. म्हणून तर आज तो दोर तेल लावून आणला होता.

ड्रायव्हरनं बस मागे घेतली. सडक अरुंद. वळताना मागचं चाक कडेवरून खाली रानात उतरलं आणि बघता बघता निम्मं आत गेलं. पलीकडचं गाव पूल ओलांडून धावत आलं. साहेब खाली उतरले तर त्यांचा एक बूट चिखलातच राहिला. "बघा," ते आबासाहेबांना म्हणाले. आबासाहेबांनी मान खाली घातली.

भुजंगनं मुकाट्यानं बैल आणले, दोर बांधला. इंजिनानं जोर केला, माणसांनी खांदे लावले, बैलांनी माना घातल्या आणि बस हिसक्यासरशी पुन्हा सडकेवर आली. एरवी अशा वेळी त्यानं मिशीवर हात फिरवला असता. आज त्याला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून धुरपताबाई पुढे आली. पदर खोचून ती साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, एक इचारू? झरीपासून दोन कोस आलाव. वाटंत कुठं अडकलाव?"

"नाही."

"मंग हितंच कसं झालं?"

"चाक रस्त्याखाली उतरलं, बाई."

"तेच म्हन्ते मी. सडकंवर होती तवर गाडी फसली न्हाई. सडक सोडली, अन् फसली."

साहेबांनी मागे वळून आलेली वाट पाहिली. चार दिवसांची झड अंगावर घेऊनही सडकेवर चाकाचा साधा चरा नव्हता. बूट नसलेला पाय त्यांनी दोनदा जोरात आपटून पाहिला. मग ते पहिल्यांदाच हसले. "ड्रायव्हर," ते म्हणाले, "गाडी गावात घ्या."

बस पूल ओलांडून गेली, तिच्यामागे सगळं गाव. बैलांच्या पाठीवर हात ठेवून भुजंग बघत राहिला. पलीकडे बायका धुरपताबाईला कुंकू लावत होत्या. ती नको नको म्हणत होती, आणि तिचे खरबरीत हात त्याला इतक्या लांबूनही दिसत होते. त्याचा ऊर भरून आला. इतकी वर्षं आपण एकेक गाडी चिखलातून काढत बसलो. हिनं सगळं गावच एकदम बाहेर काढलं, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी नेमाची पहिली बस आली. रात्रभर पाऊस कोसळला होता, रानात गुडघाभर पाणी होतं. बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होते. भुजंगनं नुसता दोर आणला होता. टपावर चढून तो परभणीच्या बाजाराला निघालेली वांग्याची पोती त्या दोरानं आवळून बांधत होता.

कंडक्टर नवखा होता. दोन्ही बाजूंचं तुडुंब रान बघून त्यानं खालून काळजीनं विचारलं, "मामा, पुढं ओढ्यापाशी गाडी फसत तर न्हाई?"

भुजंगनं शेवटची गाठ मारली.

"न्हाई फसत," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं फोडलेली खडी हाय खाली."