मर्लचा नाश्ता

या महिन्यात एक तरी ग्राहक आणला नाही, तर नरेलची जाहिरात कंपनीतली नोकरी जाणार होती. "आपली जाहिरात विकायला जाऊ नकोस. आधी त्यांचा धंदा समजून घे, मग तोंड उघड," असं तिला कंपनीतल्या म्हाताऱ्या डेसने शिकवलं होतं. म्हणून हायवेवरच्या त्या मोटेलबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले दोनशे बारा अभिप्राय तिने वाचून काढले आणि मगच मालकाला, रॉसला, भेटायला गेली.

"तुमच्या खोल्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही," ती म्हणाली. "सगळे लिहितात ते तुमच्या पत्नी मर्लबाईंच्या नाश्त्याबद्दल. आपण त्याचीच जाहिरात करू."

रॉस म्हणाला, "जाहिरातवाले बरेच येऊन गेले, पण अभ्यास करून आलेली तू पहिलीच. वाच बरं एखादा."

तिने वाचला. मॅचसाठी आलेल्या एका मुलीच्या ताटात मर्लने चिठ्ठी ठेवली होती, 'आज खूप पळायचंय, दोन्ही अंडी संपव.' रॉसने आणखी एक वाचायला सांगितला. मग आणखी एक. असे तीसेक झाले. आता जमलं, असं वाटून नरेलने करार पुढे सरकवला.

"ते राहू दे, पोरी. मर्ल एप्रिलमध्ये वारली. मोटेल विकलंय, शुक्रवारी पाडणार आहेत," रॉस म्हणाला. "इंटरनेटचं सगळं तीच बघायची, मी हे कधी वाचलंच नव्हतं. अजून किती राहिलेत?"