समोरचा वारा

पाऊण तास उलटून गेला तरी विमान दिसेना, तेव्हा आई जिना चढून थेट नियंत्रकाच्या खोलीत शिरली.

"ताई, इथे यायला बंदी आहे."

"असू दे. माझी पोरगी कुठाय?"

नियंत्रकाने दुर्बीण खाली ठेवली. पोरगी शिकाऊ वैमानिक. आज पहिल्यांदाच एकटी येत होती, पलीकडच्या गावच्या धावपट्टीवरून या धावपट्टीवर. अंतर दीडशे किलोमीटर. मध्ये डोंगर, तो ओलांडेपर्यंत तिचा रेडिओ इथे लागत नाही. निघताना आईला फोनवर म्हणाली होती, "पाऊण तासात तुझ्यासमोर."

"यायला हवी होती," नियंत्रक म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

त्याने तिच्या प्रशिक्षकाला फोन लावला आणि आईला ऐकू येईल असा ठेवला.

"वेळेवर निघाली," प्रशिक्षक म्हणाला. "हिशेब मी पाहिलाय. वारा पाठीमागून, चांगला जोराचा. पाऊण तास पुरे."

नियंत्रकाने काचेबाहेर पाहिलं. मैदानातल्या खांबावर वाऱ्याची कापडी नळी ताठ फुगली होती, शेपूट डोंगराकडे.

"अहो मास्तर, वारा इथून तिकडे वाहतोय. तिच्या तोंडावर."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज. मग, "मेलो! आपण वारा जिथून येतो ती दिशा सांगतो. तिने तो जिकडे जातो ती धरली. आणि मी मान डोलावली."

"इंधन?"

"टाकी काठोकाठ. मी उभं राहून भरून घेतली. चार तास उडेल."

नियंत्रक खुर्चीत रेलला आणि चक्क हसला. "ताई, पोरगी वाट चुकलेली नाही. गणित चुकलीय."

"गणित?" आईचा आवाज चढला. "शाळेत पैकीच्या पैकी असायचे तिला!"

तेवढ्यात रेडिओ खरखरला. तिचाच आवाज, पुस्तकी, एकसुरी: डोंगर ओलांडला, उतरायची परवानगी हवी. मध्येच बोलून जाऊ नये म्हणून आईने तोंडावर हात दाबला.

"परवानगी आहे," नियंत्रक म्हणाला आणि नियमात नसलेलं एक वाक्य जोडलं, "आई वर येऊन उभी आहे, नीट उतर."

पुस्तकी सूर सोडून ती म्हणाली, "बाप रे."

विमान एकदा उसळून टेकलं. ती खाली उतरली तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"वारा उलटा धरला गं. अर्ध्या वाटेत कळलं. खाली नदी, रस्ता, सगळं बरोबर दिसत होतं, पण सरकतच नव्हतं."

आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला.

"परत जायला किती लागेल?"

"तोच वारा आता खरंच पाठीमागून. पाऊण तास, या वेळी खरा."

"मग येताना जितका जास्त लागला तितका जाताना वाचेल. तो वेळ माझा," म्हणत आईने विमानाच्या पंखाखालच्या सावलीत फतकल मारली. "बस."