फाटकावरचं गुऱ्हाळ

आबा रसाचा आणखी एक तांब्या घेऊन फाटकाकडे निघाले, तेव्हा रणजितला राहवलं नाही.

“आबा, हे इंग्लंड आहे. इथं रस्त्यावरच्या माणसांना हाका मारून कुणी रस पाजत नाही!”

“गुऱ्हाळावरनं कुणाला कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचं नसतंय,” कराडकडच्या घरच्या गुऱ्हाळावर जन्म काढून आता लेकाकडे आलेले आबा म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याला खुणेनं बोलावलं.

परसातल्या एकुलत्या एका झाडाची सफरचंदं ती. सकाळपासून रणजित, त्याची बायको शर्वरी आणि दोन मित्र आळीपाळीनं भाड्याचा चरक फिरवत होते. दिवाळीपर्यंत रस मुरवायचा म्हणून बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. पण निघेल तो रस आबा फाटकावर वाटत होते; बाटल्या अजून कोरड्याच होत्या, आणि सफरचंदं मात्र संपली होती. इतक्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे ओळख नसलेला तो म्हातारा दोन ग्लास प्याला, मिशा पुसल्या आणि निघून गेला.

“झालं समाधान?” रणजित चरक धुवायला बसला.

तेवढ्यात फाटक करकरलं. म्हातारा ढकलगाडी घेऊन परतला होता, आणि गाडीत त्याच्या झाडाची सफरचंदं शिगोशीग भरलेली. मागून त्याची बायको आणखी एक बादली घेऊन येत होती. आबांनी बाह्या सारल्या.

चरक पुन्हा फिरू लागला. पहिला तांब्या भरतोय तोच रस्त्यानं कुत्र्याला घेऊन एक बाई चाललेली दिसली. आबा उठायच्या आत रणजित फाटकाशी पोचला आणि थेट मराठीतच ओरडला, “ओ ताई, थांबा की! रस पिऊन जावा!”