सतरा नंबर

२००४ साली कोडोलीजवळच्या माळावर, मेंढ्यांच्या पाण्याच्या वाटेवर सरकारी माणसांनी आपोआप वजन करणारा काटा बसवला. गाभण मेंढी त्यावरून गेली, की कानातला बिल्ला ओळखून पडद्यावर तिचा नंबर आणि वजन उमटायचं. शालूबाई रोज सकाळी ते बघायची.

सतरा नंबरची मेंढी तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती; आता ती गाभण होती. एका सोमवारी ती कळपात दिसली नाही.

“लांडग्यानं नेली,” नवरा कृष्णात म्हणाला. शालूबाईनं ते खरं मानलं. दोन दिवस ती जेवली नाही.

तिसऱ्या सकाळी सगळ्या मेंढ्या पाणी पिऊन गेल्यावर रिकाम्या काट्यानं दाखवलं : सतरा नंबर, एकतीस किलो.

मग ते रोजच दिसू लागलं. वजन हळूहळू वाढत होतं. चौतीस किलो झाल्यावर तिनं कृष्णातला बोलावून पडदा दाखवला.

त्याचा चेहरा उतरला. “असं कसं हुईल? बिल्ला म्या सोताच्या हातानं कापून हिरीत टाकलाय!”

“मग लांडग्यानं नेली म्हणालतासा की!”

कृष्णात म्हणाला, “खाटकाला दिली.”

“गाभण हाय म्हायती असून?”

“व्हय.”

तेवढ्यात पडद्यावरचा आकडा हलला. सतरा नंबर, एकोणतीस किलो. त्याखाली आणखी एक ओळ उमटली. तिला नंबर नव्हता. अडीच किलो.

काट्यावर कुणीच नव्हतं. कृष्णात मात्र एकदम मागं सरला. त्याच्या धोतराचा सोगा समोरून कुणीतरी चोखत असल्यासारखा ओला होऊन ताणला गेला होता.

“शाले, ह्याला सोडीव की!” तो ओरडला.

शालूबाई जागची हलली नाही.