तेवीस जागा

चाळीस मिनिटांच्या टेपमध्ये लंकाबाई कुठेच नव्हती. वेदिकाने चौथ्यांदा शोधली. मांडव, भटजी, अंतरपाट, अक्षता टाकणारे हात. बायकांच्या घोळक्यातला एकेक चेहरा थांबवून, मोठा करून पाहिला. आधार कार्डावरचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. मग तिने नाद सोडला.

कारभारीबाबा सिन्नरजवळच्या खेड्यातून एसटीने आले होते. फडक्यात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली होती.

"मशिन टेप खात नाय ना गं तुझी? पोरीच्या लग्नाची हाय. आमची लंकाबाई औंदाच्या पोळ्याला वारली. त्या कार्डाशिवाय तिचं काही राह्यलं नाय. पण हिच्यात हाय ती. मला मोबाइलवर करून दे, ताई."

अंबडच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडून वेदिकाने नाशकात जुन्या कॅसेट मोबाइलवर उतरवून देण्याचं हे दुकान थाटलं, त्याला दोन महिने झाले होते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती अजून शिकतच होती. बाईच सापडत नाही, तर निदान टेप तरी स्वच्छ करून द्यावी, असं तिने ठरवलं. उडालेले रंग सुधारले. जनरेटरची घरघर काढली. कॅमेरावाल्याला खोकला झालेला दिसत होता. मंगलाष्टकांच्या मध्ये मध्ये, अगदी माइकजवळ तो खोकत होता. तेवीस ठिकाणी. प्रत्येक खोकला तिने कापला आणि त्या जागी आजूबाजूचा आवाज जोडला. तीन दिवस लागले. जोड कुठेही कळत नव्हता.

कारभारीबाबा आले तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, "बाबा, आजी यात दिसत नाहीत."

"दिसंल कशी? लगीन लागताना नवरीच्या आईनं बघायचं नसतं. घरात बसवली व्हती तिला. अन् कॅमेरावाला दाराला पाठ लावून हुभा. लगीन लागलं का गेला निघून." ते खुर्ची ओढून बसले. "तू लाव तर."

तिने लावलं. ते पडद्याकडे पाहत नव्हते. कान स्पीकरकडे करून बसले होते. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांच्या कपाळावर आठी आली.

"खोकला कुठं गेला?"

"कॅमेरावाल्याचा ना? तो मी काढून टाकला."

"कॅमेरावाला कशाला खोकंल? तिला दमा व्हता. दाराआड बसली व्हती ती."

नवरीची आई त्या वेळी आत असते, हे वेदिकाला ठाऊक होतं. लक्षात मात्र आलं नव्हतं.

मूळ प्रत तिने राखून ठेवली होती, ती उघडली. भटजींचा आवाज दाबता येईल तेवढा दाबला. मग त्या तेवीस जागा एकेक करून शोधल्या आणि प्रत्येक ठिकाणी आवाज वाढवत नेला. लंकाबाईंचा खोकला दुकानभर घुमला.

कारभारीबाबा डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

"येवढा मोठा नको करू, ताई. चारचौघांत ती पदर दाबून खोकायची."